घरविक्रीचा मोबदला आणि बँकेतील विलंब

यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत आपल्या चुलतभावाकडून विकत घेतले, तो प्रसंग त्याच्या ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात वर्णिलेला आहे. खरेदीपत्रावर सही झाली, मोहोर लागली, साक्षीदार बोलावले गेले आणि त्यांच्या देखत १७ शेकेल चांदी तागडीत तोलून देण्यात आली. त्याच्याही कित्येक शतके आधी अब्राहामाने सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा ४०० शेकेल देऊन घेतली, तीही नगराच्या वेशीत जमलेल्या लोकांसमक्ष. या दोन्ही व्यवहारांत मोल आणि मालकी एकाच जागी, एकाच घटकेला हस्तांतरित झाली. आजच्या घरविक्रीत तसे घडत नाही. दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदला जातो आणि पैसे बँकेच्या यंत्रणेतून स्वतंत्रपणे प्रवास करतात. या दोहोंच्या मध्ये कधी काही तास, कधी काही दिवस आणि क्वचित काही आठवडेही जातात. ह्या मधल्या काळात नेमके काय घडते आणि विक्रेत्याने कोणती दक्षता घ्यावी, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हा विषय धर्मप्रांताच्या संकेतस्थळावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. वसईच्या गावागावांतून पिढीजात घरे विकली जात आहेत. कुठे भावंडांत वाटणी करावयाची असते, कुठे तिसऱ्या मजल्यावरील सदनिका विकून वृद्ध आईवडिलांसाठी तळमजल्याचे घर घ्यावयाचे असते. आयुष्यभराची पुंजी एका दिवसात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, आणि ती वेळेवर पोहोचली नाही तर घराघरांत संशय, अबोला आणि कधी कायमचा दुरावा निर्माण होतो, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्या परिचयातील एका विधवा मातेची हकिगत ह्या दृष्टीने बोलकी आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना जिने चढणे अशक्य झाले होते. त्यांनी आपली सदनिका विकावयास काढली आणि तळमजल्याच्या दुसऱ्या घरासाठी दोन लाख रुपये इसार दिला. उरलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत न दिल्यास इसार बुडणार होता. सोमवारी दस्ताची नोंदणी झाली. खरेदीदाराच्या बँकेने शुक्रवारी गृहकर्जाची रक्कम पाठविली आणि 'पैसे गेले' असे कळविले. मातेच्या बँकेत विचारणा केली असता 'आले नाहीत' असे उत्तर मिळाले. मध्ये चौथा शनिवार आणि रविवार गेला. सोमवारपासून दोन्ही शाखांत खेटे सुरू झाले. खरेदीदार फसवीत आहे, असे मातेच्या मुलांना वाटू लागले. म्हातारी पैसे मिळूनही नाकारते आहे, असे खरेदीदाराला वाटू लागले. गुरुवारी उलगडा झाला. मातेने खात्याची ओळखविषयक कागदपत्रे, म्हणजे केवायसी, मुदतीत नव्याने दिली नव्हती आणि त्यामुळे खाते गोठविलेले होते. रक्कम त्याच शुक्रवारी परत गेली होती आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या अंतर्गत खात्यात निश्चल पडून होती. कोणीही कोणाला फसविले नव्हते. त्या मातेचे पुढे काय झाले ते आम्ही शेवटी सांगू.

पैसे पाठविण्याची यंत्रणा स्वतः मंद नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. दोन लाख व त्याहून अधिक रकमेसाठी आरटीजीएस ही पद्धत २००४ पासून उपलब्ध आहे आणि १४ डिसेंबर २०२० पासून ती वर्षाचे सर्व दिवस अहोरात्र चालते. दिवस बदलतानाचा अल्प अवकाश तेवढा अपवाद. तीत प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे व तत्काळ चुकती होते आणि संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात ती ग्राहकाच्या खात्यात जमा करावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. एनईएफटी पद्धतीत रकमा दर अर्ध्या तासाच्या गटाने पुढे जातात. दिवसाचे असे ४८ गट असतात. गटाचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत रक्कम जमा झाली नाही किंवा परत गेली नाही, तर विलंबाच्या काळासाठी रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज देण्याची जबाबदारी बँकेवर येते. हे व्याज मागितल्यावाचून द्यावयाचे असते, तरी मागितलेले बरे.

मग विलंब कुठे होतो? बहुतेक वेळा तो रस्त्यावर नव्हे, तर दोन्ही टोकांच्या दारांत होतो. शाखेत कागदी अर्ज भरून पाठवावयाची मोठी रक्कम एका कर्मचाऱ्याने संगणकात नोंदवावी आणि दुसऱ्याने मंजूर करावी, अशी रीत असते. मंजुरी देणारे साहेब रजेवर असले की अर्ज टेबलावर राहतो. सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही, हे तर वयस्कांच्या बाबतीत नित्याचे आहे. घरबसल्या इंटरनेट बँकिंगने पाठवावयाचे म्हटले तर दैनंदिन मर्यादा आड येते, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी थोडीच रक्कम पाठविता येईल असा नियम अनेक बँकांनी फसवणूक टाळण्यासाठी केला आहे. मोडलेली मुदत ठेव किंवा विकलेले म्युच्युअल फंड हातात पडावयासही दिवस लागतात. वर्षअखेरीचा घोळ वेगळाच. १ एप्रिलला बँका हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, म्हणून ३१ मार्च ही अखेरची तारीख करारात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाते क्रमांकाची बाब तर विशेष जपावी. ह्या दोन्ही पद्धतींत रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते, नाव पाहून नव्हे. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असले, तर पैसे परक्याच्या घरी जातात. १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांनी रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय करून द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ह्या सोयीचा उपयोग अवश्य करावा. बँकांच्या विलीनीकरणानंतर (देना व विजया बँक २०१९ मध्ये, सिंडिकेट, कॉर्पोरेशन व आंध्र बँक २०२० मध्ये इतर बँकांत विलीन झाल्या) शाखांचे ११ अक्षरांचे आयएफएससी संकेत बदलले, पण जुन्या पासबुकावर जुनेच छापलेले असतात. म्हणून खरेदीदाराला पासबुकाची जुनी प्रत न देता रद्द केलेला नवा धनादेश द्यावा. आणि 'आमचे खाते बदलले आहे, ह्या नव्या खात्यात पैसे पाठवा' असा निरोप फोनवर वा ईमेलने आला, तर समोरासमोर भेटून खात्री केल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये.

आता मर्माचा प्रश्न. पैसे आले नाहीत आणि दस्त नोंदला गेला, तर घर कोणाचे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमात विक्रीची जी व्याख्या आहे, तीत किंमत दिलेली असावी, देण्याचे वचन असावे किंवा काही दिलेली व काही वचन दिलेली असावी, असे म्हटले आहे. अर्थात पूर्ण किंमत हाती पडण्यापूर्वीही खरेदीखत नोंदले की मालकी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी गुजरातमधील एका जमिनीच्या खटल्यात हेच स्पष्ट केले. किंमतीचा काही भाग मिळाला नाही एवढ्या कारणाने नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. उरलेल्या पैशासाठी दावा करणे हा विक्रेत्याचा मार्ग होय. त्याच कायद्याचे ५५ वे कलम विक्रेत्याला न मिळालेल्या रकमेपुरता मालमत्तेवर बोजा सांगण्याचा हक्क देते. परंतु बोजा सांगणे म्हणजे न्यायालयाची पायरी चढणे, आणि तिथे लागणारी वर्षे वाचकांना ठाऊक आहेत.

म्हणून खरेदीखतातील पावतीचा परिच्छेद आपण स्वतः वाचावा. 'संपूर्ण मोबदला पोहोचला' हे वाक्य वकिलांच्या मसुद्यात सवयीने आलेले असते. रक्कम खात्यात दिसण्यापूर्वी त्यावर सही करू नये. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने आली आणि किती येणे आहे, हे तपशीलवार लिहून घ्यावे. आरटीजीएसच्या प्रत्येक व्यवहाराला २२ अक्षरांचा आणि एनईएफटीच्या व्यवहाराला १६ अक्षरांचा यूटीआर क्रमांक असतो. विलंब झाल्यास 'पैसे पाठविले' ह्या शब्दावर न थांबता हा क्रमांक मागावा आणि आपल्या शाखेत लेखी द्यावा. तो नसेल तर पैसे निघालेच नाहीत, असे समजावयास हरकत नाही.

गृहकर्ज असले की अडचण अधिक नाजूक होते, कारण बँक कर्जाची रक्कम बहुधा नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि खरेदीदाराने स्वतःचा वाटा दिल्याची पावती हे सर्व पाहिल्यावरच देते. म्हणजे विक्रेत्याने आधी सही करावयाची आणि पैशाची वाट नंतर पाहावयाची. हे टाळता येत नाही, परंतु त्याला कुंपण घालता येते. कर्जमंजुरीचे पत्र स्वतः पाहावे. पैसे देण्याची मुदत आणि उशिराचे व्याज करारात लिहावे. घराचा ताबा व चाव्या संपूर्ण रक्कम जमा झाल्यावरच द्याव्यात. विक्रेत्याच्या घरावर जुने कर्ज असेल, तर खरेदीदाराची बँक ते आधी फेडते आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते. जुन्या कर्जाची बँक मूळ कागदपत्रे सोडावयास पूर्वी महिनोन्‌महिने लावीत असे. १ डिसेंबर २०२३ पासून संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ती परत द्यावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम झाला आहे.

पुष्कळदा रक्कम वेळेवर येते, पण कमी येते, आणि वाद पेटतो. व्यवहार ५० लाख वा अधिक असल्यास खरेदीदाराने एक टक्का प्राप्तिकर कापून सरकारजमा करावयाचा असतो. २०१३ पासून हा नियम आहे. भावंडे मिळून घर विकीत असतील, तर प्रत्येकाचा वाटा ५० लाखांहून कमी असला तरी एकूण किंमत पाहिली जाते, ही स्पष्टता १ ऑक्टोबर २०२४ पासून आली. कापलेली रक्कम बुडत नाही. खरेदीदाराकडून तिचे प्रमाणपत्र घ्यावे आणि विवरणपत्रात तिचा हिशेब मागावा. भावंडांपैकी कोणी परदेशी स्थायिक असेल तर मात्र हा एक टक्क्याचा नियम त्याच्या वाट्याला लागू होत नाही. तिथे कपात बरीच अधिक असते, ती कमी करून घेण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधीच आणावे लागते आणि त्याला वेळ लागतो. आखातात वा कॅनडात असलेल्या भावाच्या कुलमुखत्यारपत्रासाठी आणि ह्या प्रमाणपत्रासाठी अडलेले व्यवहार आमच्या पाहण्यात आहेत. ही तयारी गिऱ्हाईक मिळाल्यावर नव्हे, घर विकावयाचे ठरताच सुरू करावी.

विलंबाला कंटाळून कोणी 'काही रोख घ्या आणि मोकळे व्हा' असे सुचविते. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून बंदी आहे आणि घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. धनादेश हा पर्याय आता पूर्वीइतका संथ राहिलेला नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सातत्याने वठविले जातात. मात्र मोठ्या धनादेशाचा तपशील खरेदीदाराने आपल्या बँकेला आधी कळविला नसेल, तर तो परत येऊ शकतो. पे ऑर्डर वा डिमांड ड्राफ्ट नोंदणीच्या वेळीच हाती घेता येतो, म्हणून जुनी मंडळी त्याला पसंती देतात, आणि आमच्या मते ते अजूनही चुकीचे नाही. तो ज्या शाखेने दिला तिथे फोन करून खरेपणा तपासावा आणि तीन महिन्यांच्या मुदतीत भरावा, म्हणजे झाले.

बँकेने दाद दिली नाही तर आधी त्याच बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

त्या मातेचे काय झाले? मुलाने त्यांना रिक्षातून शाखेत नेले, आधार व पॅन दाखवून खाते त्याच दिवशी खुले करून घेतले. कर्ज देणाऱ्या बँकेला दोघांच्या सहीचे पत्र दिले गेले आणि पुढच्या मंगळवारी, पहिल्या प्रयत्नानंतर अकराव्या दिवशी, रक्कम जमा झाली. तेवढ्या दिवसांचे कर्जाचे व्याज खरेदीदाराला लागले होते. मातेने ते अर्धे आपण होऊन दिले. महिनाअखेर मध्येच उलटून गेली होती, तरी तळमजल्याच्या मालकाने आठ दिवसांची मुदतवाढ दिली होती, आणि ती तोंडी न ठेवता कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या होत्या. नव्या घराला धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला, त्या दिवशी जुन्या घराचा खरेदीदारही सपत्नीक आला होता.