वादळात बाईक कशी सांभाळायची?

तर मंडळी, मे महिना, दुपारनंतरचं वादळ, आणि तुम्ही मूलहून गडचिरोलीला निघालात. जंगलात झाडं वारा अडवतात. वैनगंगेच्या पुलावर तोच वारा एकदम बाजूनं आदळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून पुलाआधीच स्पीड कमी करा. गाडी सरकली तरी सावरायला वेळ मिळतो.

हँडल आवळू नका. हात सैल, गुडघे टाकीला चिकटलेले. वारा डावीकडून असेल तर डावं हँडल हलकंसं पुढे दाबा, गाडी वाऱ्याकडे झुकते आणि सरळ चालते. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडतानाही झटका बसतो.

फांद्या मोडायला लागल्या, वीज कडाडली, तर झाडाखाली नाही, पक्क्या घरात थांबा. उशीर झालेला परवडतो.