साठा आणि सामर्थ्य : एका चिमुकल्या गाडीचा धडा



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसत असे. पुढे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. तरीही आजचा विषय आहे नातवासोबत घरी केलेली, तळहातावर मावणारी दूरनियंत्रित गाडी. कारण तिने माझी एक शब्दाची चूक उघडी पाडली.

वजन कमी हवे म्हणून मी सीआर २०३२ हा बटनसेल सुचवला. दाब ३ व्होल्ट, साठा सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. मोटर थरथरली आणि थांबली. ‘क्षमता’ या एका शब्दात मी दोन गोष्टी कोंबल्या होत्या : किती साठते आणि एका वेळी किती देता येते. बटनसेल म्हणजे अरुंद तोंडाची सुरई. पाणी पुष्कळ, धार बारीक. सलगपणे तो काही मिलिअँपिअरच देऊ शकतो.

म्हणून निवडीचा आरंभ सेलपासून नव्हे, मोटरपासून करावा. चाक क्षणभर अडवून प्रवाह मोजावा. ती मोटरची सर्वांत मोठी मागणी. आमच्या दोन मोटरींची ती प्रत्येकी ८०० मिलिअँपिअर भरली. रेडिओच्या चिपचा वाटा धरून एकूण २ अँपिअर मानले. मग १५० मिलिअँपिअर-तासांचा, ‘२० सी’ असे लिहिलेला लिथियम-पॉलिमर सेल घेतला. २० सी म्हणजे साठ्याच्या आकड्याच्या वीसपट प्रवाह, अर्थात ३ अँपिअर. साठा बटनसेलपेक्षा कमी, सामर्थ्य कितीतरी अधिक.

मोटर पुढे-मागे फिरवणाऱ्या परिपथाचीही निवड करावी लागते. जुना एल २९८ स्वतःच सुमारे २ व्होल्ट गिळतो, ३.७ व्होल्टच्या सेलवर मग मोटरला उरते काय? डीआरव्ही ८८३३ हा २.७ व्होल्टपासून चालतो आणि प्रत्येक मोटरला १.५ अँपिअरपर्यंत देतो. तो आम्हांला पुरला.

तरी गाडी सुटताच रेडिओ बंद पडे. दोन्ही मोटरी एकदम प्रवाह ओढत, दाब क्षणभर खाली येई आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मोटरींचा वेग हळूहळू वाढवला, चिपजवळ मोठा कपॅसिटर बसवला, आणि दोष गेला.

खरी चूक मात्र सेल भरताना झाली. टीपी ४०५६ चे तयार पान बहुधा १ अँपिअरने सेल भरते. आमच्या सेलला १५० मिलिअँपिअरच सोसणारे होते. सेल तापून फुगला. नातू शेजारीच बसला होता. सुदैवाने वेळीच तार काढली. असा सेल पुन्हा भरू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. त्या पानावरील १.२ किलोओहमचा रोधक काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो. भरताना ४.२ व्होल्टच्या वर आणि वापरताना ३ व्होल्टच्या खाली सेल जाऊ देऊ नये.

‘आधी मोजा, मग जोडा’ असे आमचे गुरुजी सांगत. शेवटच्या बाकावर ते ऐकू आले होते. कळायला मात्र नातवाची गाडी यावी लागली.