राजमा पिकातील नत्र व्यवस्थापन : रासायनिक खत आणि जिवाणूंची बीजप्रक्रिया

प्रस्तावना :
द्विदल पिके हवेतील नत्र मिळवितात, म्हणून त्यांना नत्रयुक्त खताची गरज अल्प असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. राजमा अर्थात घेवडा या पिकास हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही. कोरेगाव तालुक्यातील (जि. सातारा) वाघ्या घेवड्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

सहजीवन व त्याच्या मर्यादा :
१८८८ मध्ये बायेरिंक यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून जिवाणू वेगळे केले. हे जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात व त्या बदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेतात. तथापि, प्रत्येक पिकाचे जिवाणू भिन्न असतात. राजमाचे मूळस्थान अमेरिका खंड असून रायझोबियम एटली व रायझोबियम ट्रॉपिसी या जाती त्याच्याशी सहजीवन साधतात. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे जिवाणू संवर्धक येथे उपयोगी पडत नाही. भारताच्या मैदानी प्रदेशात राजमाच्या मुळांवर परिणामकारक गाठी क्वचितच आढळतात. म्हणून तेथे हेक्टरी सुमारे १०० ते १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. १०० किलो नत्रासाठी ४६ टक्के नत्र असलेला युरिया सुमारे २१७ किलो लागतो. लहान शेतकऱ्यास हा खर्च जाणवणारा आहे.

खत व जिवाणू यांचा परस्परसंबंध :
जमिनीत नायट्रेट मुबलक असल्यास गाठींची निर्मिती व कार्य दोन्ही मंदावतात. याउलट, गाठी कार्यक्षम होईपर्यंत रोपास नत्राची उणीव भासते. म्हणून बीजप्रक्रिया केलेल्या पिकास पेरणीवेळी हेक्टरी सुमारे २० ते ३० किलो नत्र देणे पुरेसे मानले जाते. राजमाचे संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून बियाण्यास चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व त्वरित पेरावे.

निष्कर्ष :
खत की जिवाणू, याचा निर्णय मुळे पाहूनच घेणे इष्ट होय. पेरणीनंतर सुमारे चार आठवड्यांनी काही रोपे मातीसह उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी गाठी कार्यक्षम असतात; तेथे अधिक युरिया देणे अनाठायी ठरते. गाठी नसल्यास किंवा त्या पांढुरक्या असल्यास उर्वरित नत्र फुलोऱ्यापूर्वी देणे आवश्यक आहे.