घरच्या घरीं फिल्म धुणें

छायाचित्र काढणें ही कला कीं शास्त्र, या वादांत मी आज शिरणार नाहीं. फिल्म धुणें हें मात्र शास्त्र आहे, आणि तें स्वयंपाकघराच्या ओट्यावर साधण्याजोगें आहे. महाराष्ट्राला याचें नवल वाटूं नये. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची तयारी चालविली, तेव्हां त्यांची प्रयोगशाळा दादर येथील राहत्या घरींच होती. तेव्हां येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेचीं छिद्रेंदेखील नसत. तीं अंधारांत यंत्रानें पाडणें, रसायनें मिसळणें व फिल्म धुणें हीं कामें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं शिकून घेतलीं, तींही मंडळींच्या जेवणाखाण्याची व्यवस्था सांभाळून. त्यांना ज्या कामासाठीं सबंध खोली काळोखी करावी लागे, तें आज डेलाइट टँक नांवाच्या तांब्याएवढ्या काळ्या डब्यांत होतें.

हा विषय मी जालना जिल्ह्यांतील, जाफराबाद तालुक्यांतील टेंभुर्णी डोळ्यांपुढें ठेवून मांडणार आहें. (माढा तालुक्यांतील टेंभुर्णी निराळी.) कारण असें कीं, या विषयावरचीं बहुतेक पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं. त्यांत नळाचें पाणी २० अंशांचें गृहीत धरलेलें असतें, आणि धुतलेली फिल्म अर्धा तास वाहत्या पाण्याखालीं ठेवा, असें बेलाशक सांगितलेलें असतें. जालना जिल्ह्यांत मे महिन्यांत सावलींतला पारा ४० अंश ओलांडतो, आणि २०१२-१३ च्या दुष्काळांत तर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागली. तेथें अर्धा तास नळ सोडा, असें सांगणाऱ्यास कोणी दाराशीं उभें करणार नाहीं. काळापांढरा रोल धुऊन देणारा दुकानदार आतां जवळपास सांपडणें कठीण. आणि रोलवर घरांतल्या वृद्धांचें एखादें शेवटचें चित्र असलें, तर चुकल्यावर दुसरी संधी नाहीं.

टाकीची युक्ति साधी आहे. प्रकाश सरळ रेषेंत जातो, पाणी वांकड्या वाटेनेंही जातें. झांकणांतील वाट काळ्या भिंतींतून अशी वळविलेली असते कीं, ओतलेलें द्रावण आंत शिरतें आणि प्रकाश वाटेंतच अडून राहतो. मधली पोकळ दांडी बसविण्यास विसरूं नये. ती नसेल तर प्रकाशास राजमार्गच मिळतो. अंधार लागतो तो फक्त फिल्म चक्रीवर चढवितांना, पण तेथें पूर्ण अंधार हवा. आजची बहुतेक फिल्म सर्व रंगांना संवेदनशील असल्यामुळें तांबडा दिवाही चालत नाहीं. काळी पिशवी नसेल तर रात्रीं बंद खोलींत, वर जाड गोधडी घेऊन हें काम करावें; एरवीं शिव्या खाणारें भारनियमन येथें उपयोगी पडतें. मात्र हातांस घाम असेल तर फिल्मवरील जिलेटिन चिकटतें आणि चक्री अडते. म्हणून वेळ पहाटेची, चक्री अगदीं कोरडी, आणि आधीं एका निकामी फिल्मवर उजेडांत व मग डोळे मिटून सराव केलेला असावा.

आतां द्रावण. फिल्मवर रौप्यक्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्यांवर प्रकाश पडला त्यांचें रूपांतर डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदींत करतो. डी-७६ हें प्रसिद्ध द्रावण एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम असें बनतें. मेटॉलनें कांहींच्या त्वचेस खाज सुटते, हातमोजे घालावे. आयडी-११ हें तयार मिळणारें द्रावण याच घडणीचें आहे.

खरी मेख उष्णतेची. एचपी-५ प्लस ही फिल्म शुद्ध आयडी-११ मध्यें २० अंशांवर साडेसात मिनिटें ठेवतात. २४ अंशांवर तोच काळ सुमारें पांच मिनिटांवर येतो, आणि पांचांहून कमी वेळांत काम सारखें होत नाहीं. आकाशावर पट्टे उमटतात. याला माझ्या मतें उत्तम उपाय म्हणजे द्रावणांत तितकेंच पाणी मिसळणें. मग २० अंशांवर १३ मिनिटें आणि २४ अंशांवर सुमारें ९ मिनिटें लागतात. हात सावकाश चालवितां येतो. असें पातळ द्रावण एकदांच वापरावें.

पाणी २४ अंशांवर आणण्याचें यंत्र प्रत्येक घरीं आहे: माठ. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत उडून जातें, आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. माठाचें पाणी घमेल्यांत घेऊन सर्व बाटल्या अर्धा तास त्यांत उभ्या कराव्या व थर्मामीटरनें खात्री करावी. दमट पावसाळ्यांत माठ थकतो; तेव्हां बर्फ पिशवींत बांधून घमेल्यांत सोडावा, द्रावणांत कदापि नाहीं. सर्व द्रावणें दोन अंशांच्या फरकांत असावीं. गरमांतून एकदम गारांत गेलेलें जिलेटिन आक्रसतें आणि चित्रावर जाळें पडतें. तें कशानेंही निघत नाहीं.

डेव्हलपर ओतल्यावर टाकी चार वेळां उलटीसुलटी करावी, बुडबुडे सुटण्यासाठीं ओट्यावर हलकेंच आपटावी, पुढें दर मिनिटाला तितकेंच. मग चौपट पाण्यांत मिसळलेला पांढरा शिरका अर्धा मिनिट, आणि त्यानंतर फिक्सर. फिक्सरची परीक्षा आधीं घ्यावी: फिल्मचा तुकडा त्यांत टाकून तो पारदर्शक होण्यास लागलेला वेळ मोजावा आणि रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवावा. ताज्या द्रावणाच्या दुप्पट वेळ लागूं लागला कीं तें संपलें.

धुण्याची रीत ही. टाकींत ३०० मिलिलिटर पाणी भरून पांच वेळां उलटावें व ओतावें. पुन्हां भरून दहा वेळां. तिसऱ्यांदा वीस वेळां. फिक्सर जिलेटिन कठीण करणारा नसेल तर एवढें पुरतें. डेव्हलपरपासून शेवटच्या खळबळीपर्यंत सारें काम सुमारें दोन लिटर पाण्यांत होतें. शेवटची खळबळ मात्र गॅरेजमध्यें मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याची असावी. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं, तें फिल्मवर क्षारांचे पांढरे डाग ठेवतें. वाळविण्यास न्हाणीघर उत्तम. आधीं जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी.

वापरलेल्या फिक्सरमध्यें चांदी असते, म्हणून तो विहिरीजवळ वा ओढ्यांत ओतूं नये. बरणींत बारीक लोखंडी तारेचा बोळा घालून ठेवल्यास बरीचशी चांदी गाळरूपानें खालीं बसते.

फिल्म वाळली कीं प्रथम चित्रांकडे न पाहतां कडेचे आंकडे पाहावे. ते कारखान्यांतच उमटविलेले असतात. आंकडे ठळक आणि चित्रें फिकट, तर कॅमेऱ्यांत प्रकाश कमी पडला. आंकडेही फिकट असतील तर द्रावण, वेळ किंवा थर्मामीटर यांपैकीं कोठें तरी उणें राहिलें.