तलकाड : वाळूखालची राजधानी

म्हैसूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावर तलकाड वसले आहे. गाव छोटे आहे, पण पाचव्या शतकाच्या सुमारास गंग राजांनी कोलारहून आपली राजधानी इथे हलवली होती. पुढे हे वैभव ओसरले.  तलकाड वाळूखाली गेले.

अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी तलकाड जिंकून त्याचे राजराजपूर केले. शंभरेक वर्षांनी होयसळ राजा विष्णुवर्धनाने ते परत घेतले, ‘तलकाडुगोंड’ हे बिरुद लावले आणि विजयाची आठवण म्हणून कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. ही मोहीम फत्ते करणारा सेनापती गंगराज. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आहे. त्यात मूर्ती घडवून घेणारा गंगांचा मंत्री चामुंडराय आणि भोवतालचे आवार बांधणारा हाच गंगराज, अशा दोघांची नावे आहेत. मराठीच्या इतिहासाचा एक धागा असा तलकाडला येऊन मिळतो.

गावात वाळूचे कारण विचारा, लोक अलमेलम्मेची कथा सांगतात. १६१० साली म्हैसूरच्या राजा वोडेयरने श्रीरंगपट्टण घेतले. अलमेलम्मा तिथल्या विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी. दागिन्यांसाठी राजाची माणसे मागे लागली तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली आणि तलकाडची वाळू होवो, असा शाप दिला. अभ्यासकांनी मांडलेले एक कारण वेगळे आहे. विजयनगरच्या काळात नदीवर माधवमंत्री बंधारा झाला, खालच्या पात्रातले पाणी घटले, वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर लोटली. हे खरे असेल, तर शेतीला पाणी देणाऱ्या बंधाऱ्यानेच देवळे गाडली.

आज वाळूच्या टेकाडांमधून वाट काढत जावे लागते. पाताळेश्वर आणि मरळेश्वर ही मंदिरे सभोवतालच्या जमिनीपेक्षा खाली आहेत. दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. वैद्येश्वराच्या दारातले भव्य द्वारपाल मात्र थांबून पाहावेत. कीर्तिनारायण मंदिर उत्खननानंतर पुन्हा मोकळे झाले आहे. दर काही वर्षांनी, कार्तिकातल्या विशिष्ट सोमवारी पंचलिंग दर्शनाचा, म्हणजे इथल्या पाच शिवलिंगांच्या दर्शनाचा, योग येतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये तो आला होता. असा योग आला की एरवी गावात गर्दी मावत नाही.

इतर दिवशी बहुतेक पर्यटक नदीत डुंबून परततात. मराठी वाचकांनी तसे करू नये. तलकाड आणि श्रवणबेळगोळ एकाच प्रवासात पाहावे. आपल्या भाषेचे जुने पुरावे कर्नाटकाने किती जपले आहेत, हे तिथेच नीट कळते.