विमानाच्या पोटातली रायफल

पुणे विमानतळाच्या काउंटरवर पुतणीने ती लांबट काळी पेटी ठेवली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "यात पॉइंट टू टूची रायफल आहे. दिल्लीला स्पर्धेला चाललेय." समोरच्या मुलीचे हात की-बोर्डवर थबकले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपल्या लेकराला जवळ ओढलं. पुढचा सव्वा तास आम्ही तिथेच उभे होतो. कागद एकूण एक बरोबर होते. ते वाचायचे कसे हे ठाऊक असलेलं माणूस मात्र त्या पाळीत कामावर नव्हतं.

नियम खरं तर समजायला सोपा आहे. बंदूक, काडतूस आणि माणूस ही तीन एकत्र आली की धोका. म्हणून तिघांना प्रवासभर एकमेकांपासून लांब ठेवायचं. प्रवाशाच्या हातातल्या बॅगेत शस्त्र चालत नाही, काडतूसही नाही. दोन्ही चेक-इन सामानात जातात. शस्त्र रिकामं हवं, कुलूपबंद टणक पेटीत हवं, काडतुसं वेगळी बांधलेली हवीत आणि हे सगळं प्रवाशाने काउंटरवर आपणहून सांगायला हवं. मग शस्त्र रिकामं असल्याची तपासणी होते, परवान्यावरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून बघतात, अर्ज भरून घेतात आणि पेटी सामानाच्या कप्प्यात जाते. उड्डाणात तिथे कुणाचाच हात पोहोचत नाही.

काडतुसांच्या बाबतीत जगभर एक मर्यादा पाळली जाते. खेळाची काडतुसं धोकादायक वस्तूंच्या वर्गवारीत 1.4एस या गटात मोडतात. म्हणजे चुकून पेटलीच, तरी इजा पुडक्यापुरती राहावी अशी त्यांची बांधणी. वेष्टनासकट माणशी 5 किलो, तीही स्वतःच्या वापरासाठी. दोन नेमबाजांना आपापले वाटे एका पेटीत भरता येत नाहीत. विमान कंपन्या यापेक्षा कडक मर्यादा घालू शकतात, वेगळं शुल्कही लावतात.

"काडतुसं तिथेच का नाही घेत?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पन्नास मीटर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं असली तरी दर खेपेच्या मालात किंचित फरक पडतो, आणि कुठल्या नळीला कुठला माल मानवतो हे झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. नेमबाज वेगवेगळ्या खेपा तपासून आपल्या नळीला जुळणारी निवडतात आणि ती जिवापाड जपतात. परक्या गावी मिळेल ते घेऊन स्पर्धेला उभं राहणं त्यांना परवडत नाही.

पेटी उघडली तेव्हा मीही पहिल्यांदाच ती नीट पाहिली. करड्या फोममध्ये रायफलच्या आकाराची खाच, शेजारी छोट्या खाचेत काढून ठेवलेला बोल्ट. बोल्ट नसला की रायफलमधून गोळी सुटूच शकत नाही. गाल टेकवायच्या पट्टीवर आणि दस्त्याच्या टोकाला पांढऱ्या रंगाच्या बारीक खुणा. प्रवासात एखादा स्क्रू ढिला होऊन पट्टी दोन मिलिमीटर सरकली, तर या खुणांवरून ती जागेवर आणायची. सुरक्षा जवानाने पट्टीला हात घालताच पुतणी पटकन म्हणाली, "दादा, ती फिरवू नका, प्लीज." त्यानेही लगेच हात मागे घेतला.

एअर रायफलची गोष्ट निराळी. .177 बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण स्क्रीनवर तीही बंदूकच दिसते, आणि तिच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा भरलेली असते. विमानात चढवण्याआधी तो रिकामा करून नेणंच शहाणपणाचं.

परदेशवारीत कागदांचा ढीग दुप्पट होतो. यजमान देशाची परवानगी तर हवीच; शिवाय विमान बदलताना शस्त्र ज्या देशातून जाईल, त्याचे नियमही बघावे लागतात. निघताना कस्टम्सकडे क्रमांक नोंदवला नाही, तर परतताना आपलीच रायफल आयात केलेली ठरू शकते. 2017 साली चेक प्रजासत्ताकातून परतलेले भारतीय नेमबाज दिल्ली विमानतळावर तासन्‌तास अडकले होते. 2021च्या फेब्रुवारीत दिल्लीहून भोपाळला निघालेल्या मनू भाकरने, परवानगी हाती असूनही आपल्याला अडवल्याचं ट्विटरवर जाहीरपणे सांगितलं. तेव्हाचे क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी लक्ष घातल्यावर ती विमानात बसली. प्रत्येकाला मंत्र्यांपर्यंत पोहोचता येत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसळे यांच्या कोल्हापुरातून आज जी पोरं पहिल्यांदा पेटी उचलून निघतात, त्यांच्याकडे फक्त परवाना आणि एक प्लास्टिकची फाइल असते.

म्हणून मला नियम सैल करून नको आहेत. उलट ते आहेत तितकेच कडक राहावेत. पण प्रत्येक विमानतळावर एकच यादी असावी, ती आधी छापील हातात मिळावी आणि प्रत्येक पाळीत ती समजणारा निदान एक माणूस असावा. स्पर्धेआधीची झोप त्या पोरांना विमानतळाच्या काळजीपायी गमवावी लागू नये.

आणि ज्यांचा खेळाशी संबंध नाही, पण घरात परवान्याचं शस्त्र आहे, त्यांच्यासाठी एक कळकळीची सूचना. प्रवासाला निघताना बॅगेचा प्रत्येक कप्पा झटकून बघा. शेतावर नेलेल्या बॅगेत विसरलेलं एक काडतूस स्कॅनरवर दिसतं आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे आणि त्या आधारावर अशी प्रकरणं उच्च न्यायालयांत रद्दही होतात. पण तोवर विमान गेलेलं असतं, आणि वकिलाचे हेलपाटे सुरू झालेले असतात.

आमचं विमान सुटता सुटता मिळालं. दिल्लीत पेटी पट्ट्यावर आलीच नाही. एका कर्मचाऱ्याने ती ओळखपत्र बघून, सही घेऊन हातात दिली. पुतणीने आधी कुलूप पाहिलं, मग झाकण बोटभर उचलून त्या पांढऱ्या खुणा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुघलकाबादच्या रेंजवर तिने पहिली दहा काडतुसं नुसती नेम जुळवण्यात घालवली. पट्टी जागेवरच होती.