टोळी कोठे वाढते?

किशोरवयीन मुले टोळ्यांत का शिरतात? ‘घरचे वळणच वाईट’, ‘त्या लोकांची मुले तशीच’, ही नेहमीची उत्तरे. ती तपासण्याची संधी अमेरिकेतील शिकागो शहराने दिली.

फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील १३१३ टोळ्यांची नोंद केली. पुढे क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले आणि प्रत्येक वस्तीतील मुलांच्या संख्येशी त्यांचे प्रमाण काढले. शहराच्या मध्याजवळील पडक्या वस्त्यांत ते सर्वाधिक होते. बाहेर जावे तसे ते घटत होते.

खरी गंमत पुढेच आहे. काही दशकांत या वस्त्यांतून जर्मन व आयरिश कुटुंबे निघून गेली, पोलिश व इटालियन आली. माणसे बदलली, पण गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. उलट बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या मुलांत ते कमी झाले. दोष रक्तात असता तर तो त्यांच्याबरोबर गेला असता! गरिबी, भाडेकरूंची सततची ये-जा, एकमेकांना न ओळखणारे शेजारी अशा ठिकाणी मुलांवर कोणाचेच लक्ष राहत नाही. संरक्षण, मान आणि सोबत टोळी देते.

यात वयाचाही भाग असतो. गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावरील मोटार चालवण्याच्या खेळातून दाखवले, की मित्र पाहत असले म्हणजे किशोर अधिक धोका पत्करतात. प्रौढांवर हा परिणाम फारसा होत नाही.

मग उपाय कोणता? मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचा प्रयोग अमेरिकेत १९७०च्या दशकात गाजला. परंतु चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्यांनीच पुढे जास्त गुन्हे केल्याचे आढळले.

बोस्टनने १९९६ साली वेगळी वाट धरली. पोलीस, समाजकार्यकर्ते व धर्मगुरू यांनी टोळ्यांतील मुलांना समोर बसवून सांगितले: गोळी चालली तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल, बाहेर पडायचे असेल तर शिक्षण व नोकरीसाठी मदत मिळेल. तरुणांच्या खुनांचे मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटले. त्या काळात इतर शहरांतही गुन्हे घटत होते, म्हणून सगळे श्रेय या उपायाला देता येत नाही. तरी बोस्टनमधील घट अधिक ठळक होती.

शिक्षकांसाठी यात एक इशारा आहे. ‘वाया गेलेली’ मुले एकाच तुकडीत किंवा मागच्या बाकांवर एकत्र बसवली, की एकमेकांची शाबासकी मिळवण्यासाठी ती आणखी बिघडू शकतात. त्यांना विखरून बसवावे, प्रत्येकाला जबाबदारीचे काम द्यावे. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, तर त्याची चौकशी टोळीच्या आधी आपण करावी.